पुठ्ठा

रोज सकाळी चहाआधी मी पुठ्ठा ओढून काढतो
गाडीच्या पोटाखालचा.
फ्रिजच्या खोक्याचा आहे, "ही बाजू वर" असा बाण अजून दिसतो.
डाग मोजतो. काल तीन होते, आज दोन,
पण एक हिरवट. तो तेलाचा नाही.

वणीच्या अंकुश वासेकरांकडून घेतली.
तेरा वर्षांची, दोन दारांची, इंजिन मागे.
पैसे देण्याआधी देवाजी निखारेनं
खिशातून लोहचुंबक काढून तिच्या अंगावरून फिरवलं.
डाव्या मडगार्डवर ते धरेना.
"इथं पुट्टी हाये सर. ठोकलेली हाये कुठंतरी."
अंकुशभाऊ आभाळ बघत राहिले.
सर्व्हिस बुकात शिक्क्यांची रांग
आणि मध्ये तीन वर्षं कोरी.

तरी घेतली.
तीस वर्षं पोरांना घर्षण शिकवलं,
स्वतः घसरलो ते असं.

घरी आणली तेव्हा कळलं,
धरमपेठेतला नवा सिमेंट रस्ता
आमच्या फाटकाहून वीतभर उंच.
आता दोन फळ्या, एक गोणपाट,
आणि शेजारचे पखालेकाका उकिडवे बसून ओरडतात,
"घासून राह्यली, घासून राह्यली, थांबा!"
स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा,
नवं लुगडं नेसलेल्या बाईनं नाली ओलांडावी तसा.

क्लचचं बिल विशाखानं दोनदा वाचलं,
मग चष्मा पुसून पुन्हा एकदा.
मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला
तेव्हा मी गॅरेजात वाळ्याचा कूलर लावला.
ती दारात उभी.
"माणसं पंख्याखाली, अन् हिला वाळा."
मी म्हटलं, उन्हानं रबरी नळ्या तडकतात.
"माझ्याही," म्हणाली, आणि आत गेली.

निखारे म्हणतो, चालवत जा, उभ्या उभ्या बिघडते ती.
म्हणून रविवारी पहाटे पाचला,
खापरी मागे टाकून बुटीबोरीपर्यंत.
ऐंशी. कधी नव्वद.
आकडे तीनशेपर्यंत आहेत.
तिकडे काटा कधी गेलाय, माझ्या हातून नाही.

परवा अंकुशभाऊ आले, काठी टेकत.
मी चावी पुढे केली, त्यांनी घेतली नाही.
शेजारच्या सीटवर हळूहळू उतरले,
विहिरीत उतरावं तसे.
इंजिन सुरू केलं. डोळे मिटून ऐकत होते.
"थंड असताना दुसरा गिअर जबरदस्तीनं नका टाकू.
तिला थोडा वेळ द्या."
मी विचारलं, मधली ती तीन वर्षं?
"ती उभी होती," ते म्हणाले,
"मी पडून होतो."

त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो,
मी आणि विशाखा.
जाताना डाव्या मडगार्डवर अंगठा घासला त्यांनी,
धूळ नव्हती तिथे.

आज पुठ्ठ्यावर एकच डाग.
कालचाच वाटला म्हणून बोट लावलं.
ओला होता.