हातक्लच

चार वर्षं ती लिंबाखाली उभी होती.
दोनशे सात, मॉडेल सत्त्याण्णव,
पुढच्या चाकांच्या जागी विटा,
हौद्यात केळीची वाळकी पानं आणि एक कुत्री, पाच पिलांसकट.
खेमचंद म्हणाला, भंगारवाला सेहेचाळीस हजार देतो.
मी म्हटलं, सत्तेचाळीस देते.
भाऊ हसला. मग त्याची नजर माझ्या डाव्या पायावर गेली
आणि ते हसू कुठं ठेवावं त्याला कळेना.

सावद्याहून फैजपूर, ट्रॅक्टरमागे साखळीनं बांधून.
स्टेअरिंगवर मी.
बंद इंजिनाचं स्टेअरिंग जात्यासारखं ओढावं लागतं.
ब्रेक उजव्या पायाचा, तो पाय माझा शहाणा आहे.
वाटेत दोन लग्नाच्या जीपा थांबून बघत राहिल्या.

रुबाब तडवीनं बॉनेट उघडलं, बराच वेळ बोलला नाही.
पंपावरची धूळ बोटावर घेऊन हुंगली.
"इंजिन मरेल नही, बाई. रुसेल हाये."

मग रुसवा काढण्यात पूस गेला, माघ गेला.
नोजल धुळ्याला जाऊन आले.
रेडिएटरमधून गांधीलमाशीचं घर निघालं,
त्यात एकही माशी नव्हती, तरी गफूर तीन पावलं मागं पळाला.
मागच्या पाट्यांमधला एक तुटका निघाला.
"फेकू नको रे," रुबाब म्हणाला, "लागीन."

हौद्याच्या फळ्यांना रंधा मारला,
कॉस्टिकनं धुतल्या, उन्हात टाकल्या.
केळीचा चीक तसाच काळा.
आमच्याकडच्या प्रत्येक पातळावर, प्रत्येक बंडीवर
हाच डाग असतो, आणि कुणी कुणाला विचारत नाही कुठून लागला.
राहू द्या म्हटलं.

राहिला प्रश्न क्लचचा.
आधी त्यानं राजदूतची तार लावून पाहिली: तुटली.
जाड तार लावली: लिव्हर वाकला.
तिसऱ्यांदा माझ्या तळहाताची साल गेली
आणि रुबाब माझ्यावरच चिडला,
"तुले सायकल नही चालवाची, ट्रक चालवाचा हाये!"
दोन दिवस वर्कशॉप बंद. लोक म्हणाले, पालला गेला, सासुरवाडीला.
तिसऱ्या दिवशी आला तो खिशात कागद घेऊन.
तुटक्या पाट्याचा दांडा, सीटच्या बाजूनं वर काढलेला;
खाली सळई, सळईच्या टोकाला क्लचचं पेडल;
आणि जुन्या हँडब्रेकची दातेरी पट्टी,
म्हणजे ओढलेला दांडा जागेवर अडकतो,
हात मोकळा होतो गिअरसाठी.
ओढ. अडकव. गिअर. हळूहळू सोड.
हळू.
अगं हळू, माय!

जळगावला पासिंगच्या साहेबानं
दांडा वरखाली करून पाहिला, पेडल पाहिलं,
आणि खेमचंदला विचारलं, चालवणार कोण?
खेमचंदनं हातातली माझी कुबडी दाखवली.
मी आधीच आत बसले होते.

वेफर्सचे ऐंशी डबे, भुसावळ.
फैजपूरच्या नाक्यावर बंद पडली, अर्थातच.
मागे उसाचा ट्रक, त्यामागे एस.टी.,
हॉर्नवर हॉर्न, कुणीतरी खिडकीतून ओरडलं, मग
बाई दिसल्यावर जास्त ओरडलं.
मी चावी फिरवली. दांडा ओढला.

एक गोष्ट रुबाबला सांगितलेली नाही.
दांडा ओढला की पेडल आपोआप खाली जातं.
पहिल्या दिवशी दचकले होते, वाटलं
कुणीतरी पाय ठेवून बसलंय शेजारी.
आता डावा पाय हातानं उचलून
त्या पेडलवर ठेवते निघण्याआधी.
त्याचं काही काम नाही तिथं.
हात ओढतो, पेडल उतरतं, पाय त्याच्यासोबत उतरतो;
हात सोडतो, पाय वर येतो.
भुसावळपर्यंत दीडशे वेळा तरी.
बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल,
दाबते आहे.