बिलांची तार

वडगावात आमचे चार माग.
चौथा नुसता आवाज करतो.

यंदा शेजारच्या लोल्यांच्या पोरानं विचारलं,
"काकू, तुम्ही रिटर्न भरत नाही?"
जसं विचारावं, तुम्ही दात घासत नाही?
मी म्हटलं, आमच्याकडं भरण्यासारखं आहे काय.
पण रात्री झोप नाही.
धोटा थांबला तरी कानात चालूच राहतो,
तसा तो प्रश्न.

म्हणून खडेबाजारातला तो अंधारा जिना चढलो.
ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला,
मी बिलांची तार पदराखाली धरून,
टोक टोचू नये म्हणून बूच लावलेली.

मुतगेकरांची अक्षता, वय असेल पंचवीस.
पंखा आमच्याकडं वळवून दिला
आणि विचारायला लागली.
नफा किती?
साडीमागं सांगू, की वर्षाचा?
वर्षाचा कुणी मोजलाच नव्हता.
शहापूरचा शेट सूत देतो, मजुरी देतो,
दिवाळीला कुंद्याचा डबा देतो,
तो कुठं लिहायचा?
ती हसली नाही. बरं वाटलं.

बेरीज झाली, वजाबाकी झाली.
"मर्यादेच्या खूप खाली आहात."
ह्यांनी टेबलाखाली चप्पल पायात सरकवली.
मला मात्र जरासं लागलं.
इतकी वर्षं दोन पाळ्या उभ्यानं काढून
सरकारला आपण मोजावेसेही वाटू नये.

"थांबा की काका. परदेशी गेलाय काय?"
"गेलोय की. इचलकरंजीला.
कोगनोळीचा नाका ओलांडून."

"आणि लाईट बिल? वर्षाचं?"

मी तार टेबलावर ठेवली.
बारा महिने, एकावर एक टोचलेले.
अक्षरं कन्नड, आकडे सगळ्यांचे.
नाव सासऱ्यांचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली,
मीटरला कुणी कळवलं नाही.
"भरतं कोण?"
आम्हीच.
"मग तुमचंच."
ती वाचत गेली, मी बोटं दुमडत गेले.
एप्रिल जड निघाला, लग्नसराईचा माल होता.
एक लाख सात हजार तीनशे चाळीस.

"भरायला लागतंय," ती म्हणाली.
"लाखाच्या वर वीज जाळली की
मिळकत कितीही कमी असू दे, सांगावं लागतं.
कर शून्य. सांगायचं तेवढं."

म्हणजे नियमात आम्ही बसलो नाही,
आमची वीज बसली.

पावती निघाली. वर ह्यांचं नाव,
मध्ये लांबलचक नंबर,
खाली शून्य.
घरी आल्यावर ती त्याच तारेला टोचली.
नेमकं शून्यातच भोक पडलं.

आता खासबागच्या बाजारात
कुणी हळूच विचारतं,
आम्हाला पण भरायला लागतंय काय वो?
मी पिशवी खाली ठेवते.
मिळकत नंतर विचारते.
आधी सांग म्हणते, तुझे माग किती,
आणि रात्री बंद कधी होतात.