जाळं एकच

आषाढात होड्या शाकारून ठेवतात,
झावळांखाली, नाकं खुंटीला बांधलेली.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर आवाज फक्त बर्फाच्या कारखान्याचा,
तोही अर्ध्या दमाचा.
जाळी विणायचे हे दिवस. माझेही.

सोसायटीच्या माडीवर, हिशेबाच्या कपाटामागे
दोन सर्व्हर,
आणि त्यांच्यात सात यंत्रं, ज्यांना अंगच नाही.
माझ्याआधीच्या माणसानं त्यांना माशांची नावं दिली:
पेडवा पगार करतो,
तारली डिझेलचा कोटा धरून बसते,
इसवण म्हणजे लिलाव, सगळ्यांत जड,
मोरी कॅमेऱ्यांचं चित्रण गिळते, पोट भरत नाही तिचं,
आणि बांगडा कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नाही.
बंद करायचा धीरही नाही.

कार्तिकात भर लिलावात डावा सर्व्हर बसला.
उजवा निम्मा मोकळा, शेजारी उभा,
पण करतो काय?
इसवण डाव्याच्या पोटात.
त्या संध्याकाळी सुरमईचे भाव खडूनं भिंतीवर लिहिले.
अजून आहेत पुसट.

म्हणून यंदा डिस्का बाहेर काढायच्या,
दोघांची मिळून एक सामाईक पेटी.
एक पडला तर दुसऱ्यानं तिथूनच उचलायचं.

केळुसकरबाई विचारतात, किती टेराबाइट?
मी म्हणतो, ते नंतर.
साडेपाचला काय होतं ते आधी सांगा.
साडेपाचला होड्या लागतात.
अकरा दलाल, साठ टोपल्या, प्रत्येकाचा अंगठा मोबाइलवर,
सगळे एकाच मिनिटात लिहिणार.
पेटीत किती मावेल हे कुणीही सांगेल,
एका दमात तिच्यात किती हात पडतील
ते मोजायला मी आठ दिवस बसलो.

मग आठ डिस्का, जोडीजोडीनं, एकीचा आरसा दुसरी.
‘म्हणजे निम्मे पैसे आरशात?’
हो बाई, निम्मे.
साठ्याची तार वेगळी, मोरीची गर्दी तिच्यावर नको.
दोन स्विच, दोन वाटा.
इनास डिसोजा भिंतीला भोक पाडता पाडता म्हणाला,
खिडकीकडे ठेवू नकोस रे,
हा वारा तांब्याला हिरवं करतो,
आणि सोन्याचा मुलामाही खातो, माझ्या सासूला विचार.

समितीसमोर मी लिलावाच्या पावतीमागे चित्र काढलं.
दाजी मेतर, रापणीचा जुना तांडेल,
मांडीवर जाळं, हातात सुई,
चष्म्याच्या वरून बघत राहिले.
‘दोर दोन. दोनय बाजून खेचतले. समाजला.
जाळां एकच मां?’
मी म्हटलं, हो, पण त्यात आरसे आहेत,
वीज दोन ठिकाणांहून,
आतला मेंदूसुद्धा दुहेरी…
दाजींनी गाठ मारली, दातानं धागा तोडला.
‘तां सगळां त्याच जाळ्यात.
फाटलां तर?’

केळुसकरबाईंनी पंखा वाढवला.

रात्री घरी येऊन चौकट खोडली.
तुळसला सोसायटीचं गोदाम आहे,
डोंगराच्या पायथ्याशी, जिथे खारा वारा थकून पोचतो.
तिथे दुसरी पेटी, स्वस्त, सुस्त,
रोज मध्यरात्री इथलं थोडं थोडं तिथे.
पहिली बुडाली तर एका दिवसाची मासळी जाईल,
वर्षाची नाही.
पैसे? मोरीच्या ताटातून.
नव्वद दिवसांचं चित्रण पंधरावर आणलं.
बांगड्याला हात लावला नाही.

शेवटची ओळ पेन्सिलीनं:
नारळी पुनवेच्या आत, ऐन साडेपाचला,
मुद्दाम एक तार ओढून बघायची.
दाजींच्या हातानं.