घडीवरची बेटं

पेट्रोलपंपावर फुकट मिळालेला नकाशा
तौनोच्या मागच्या खिशात तीन उन्हाळे बसला
आणि चौथ्या उन्हाळ्यात घडीवर झिजला.
झिजला नेमका तिथंच, जिथं आमची बेटं होती.
आम्ही धरून चाललो, त्यांना नावंच नाहीत.

शुक्रवारी कागदकारखान्याचा भोंगा झाला
की लगद्याचा वास अंगावर तसाच घेऊन धक्क्यावर.
सिर्काकडे काळ्या पावाची पिशवी,
ऐलाकडे भावाचा गळ, न विचारता आणलेला,
रेयो नेहमीसारखा रिकाम्या हातानं
आणि भरल्या तोंडानं.
होडी तौनोच्या वडिलांची, डांबर पाजलेली.
इंजिन पाच घोड्यांचं,
त्यातले दोन, रेयो म्हणायचा, कायमचे रजेवर,
आणि तिसरा दारुडा.

सायमा सरोवरात पाणी कुठं संपतं
आणि जमीन कुठं लागते,
याचा निकाल अजून लागलेला नाही.
खाडी म्हणून शिरावं तर पलीकडे बाहेर पडतो,
बाहेर पडलो म्हणावं तर समोर भिंतीसारखे पाइन.

एका बेटावर पाव विसरलो,
आठवड्यानं गेलो तर पिशवी हलत होती :
ते मुंग्यांचं.
एकावर रेयोनं तौनोकडून वीस मार्क घेतले :
ते उधारी.
आणि एक नुसता खडक, पाठ वर काढलेला,
चौघं बसले की पाचव्यानं
पाय पाण्यात सोडूनच बसायचं.
त्याचं नाव पाचवा.
पाचवी बहुतेक वेळा मीच.
तक्रार नव्हती. पाणी गार होतं,
आणि तिथून चौघांचेही चेहरे दिसायचे.

जूनमध्ये रात्र येत नाही,
दारात उभी राहते, चपला काढत नाही,
जाते म्हणते आणि जाते.
तेवढ्यात आम्ही बोटाएवढे चंदेरी मासे
लोण्यात परतून काट्यांसकट खायचो,
डासांना शिव्या द्यायचो,
आणि कोणीतरी कोणाच्यातरी खांद्यावर झोपायचं.
कोण कोणाच्या, ते दर आठवड्याला बदलायचं.
ऐला म्हणायची, हिशेब ठेवू नका.
मी ठेवायचे.

ऑगस्टमधला एक रविवार.
उधारीच्या पुढं पंख्याची खीळ तुटली.
वल्हं एकच. दुसऱ्या बाजूला तवा.
सिर्का वल्हं मारत होती, मी तवा,
आणि रेयो गप्प.
रेयो गप्प म्हणजे आभाळ पडायचंच बाकी.
मग पाण्याकडे बघत म्हणाला,
स्वीडनला चाललोय. मोटारींच्या कारखान्यात.
सही करून झाली. सोमवारी.

सिर्काचं वल्हं थांबलं नाही.
एक ठोका चुकला, एवढंच,
आणि होडी माझ्या बाजूनं थोडी वळली.
कोणी काही बोलेना.
तव्यातून पाणी गळत होतं.
बऱ्याच वेळानं तौनो म्हणाला,
मग माझे वीस मार्क?

आम्ही इतके हसलो की होडीत पाणी आलं.
सिर्काही हसली.
तिचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणून मला माहीत आहे
की ती फक्त हसतच नव्हती.

यंदा सिर्काच्या मुलीनं, तुइरेनं, मला नेलं.
पांढरी होडी, आवाज न करणारं इंजिन,
समोर उजळ पडदा,
पडद्यावर प्रत्येक बेटाशेजारी बारीक अक्षरं.
सगळ्यांना नावं होती.
आमच्या आज्यांच्याही आधीपासूनची.
मुंग्यांचं म्हणजे पाद्रीबेट,
उधारी म्हणजे लांडग्याचं.
मला उगाच ओशाळल्यासारखं झालं,
जणू इतकी वर्षं कोणाला
चुकीच्या नावानं हाका मारत होते
आणि तो बिचारा ओ देत होता.

पाचवा मात्र पडद्यावर नव्हता.
त्या जागी एक फुली :
खडक. जपून.
तुइरेनं लांबून वळसा घ्यायला सुरुवात केली.

म्हटलं, इंजिन बंद कर गं जरा.
काय झालं? ती म्हणाली.
काही नाही.
मी बुटाची नाडी सोडत होते.