साडेपाच

तीनशे सतरा चाचण्या. तीन लाल.
मंगळवारची रात्र, सहकारनगर, तिसरा मजला,
डबा ओट्यावर तसाच.

लायब्ररी छोटीशी. तारखा मोजते:
हप्ता कधी, मुदत कधी संपते, एवढंच.
मला ती फक्त बांधायची होती,
वाण्यानं पुडी बांधावी तशी,
वर नाव, आवृत्ती, आत काय काय लागतं ते,
की कुणीही कुठंही सोडून वापरावी.

सकाळी चालवल्या तर सगळ्या हिरव्या.
बुधवारी रात्री परत तीन लाल.
इरफान तांबोळी फोनवर जांभई देत म्हणाला,
"वगळ ना. एक ओळ. कोण बघतंय?"

ओळ लिहिलीही मी.
कर्सर तिच्या टोकाशी लुकलुकत राहिला.
बाबा मार्केट यार्डात तोलणार होते.
पोती चढवण्याआधी काटा रिकामा बघायचे.
आडत्या ओरडायचा, ते बघतच राहायचे.

ओळ खोडली.

गुरुवारी दहाला वीज जाणार, दुरुस्तीसाठी.
म्हणजे हातात होती ती ही रात्र.
नोंद सांगत होती: हवी चौदा तारीख, आली तेरा.
एक अख्खा दिवस कमी. गेला कुठं?
दर अर्ध्या तासानं चालवत बसले.
एक, दीड, दोन, अडीच.
लाल, लाल, लाल, लाल.
चारला सोसायटीची मोटर घरघरली. लाल.
पाचला समोरचे घाटपांडे कानटोपी घालून
तळजाईकडं निघाले. लाल.
साडेपाचला,
मी एक अक्षर न बदलता,
हिरव्या.

हसूच आलं.
लिहिणारा हाल्डोर राहतो रेक्याविकला.
त्याच्या भिंतीवरचं घड्याळ आणि जगाचं घड्याळ
बाराही महिने एकच वेळ सांगतात.
त्याचा 'आज' एकच.
माझे मध्यरात्रीनंतर दोन होतात:
एक कॅलेंडरवरचा,
एक साडेपाच तास मागं रेंगाळलेला.
कोडनं एका ओळीत याला विचारलं, दुसरीत त्याला.

सांधलं. तिन्ही हिरव्या.
मग पुण्याच्या नावानं एक नवी चाचणी लिहिली,
आणि तीच लाल.
आत कुठंतरी फरक पूर्ण तासांत ठेवलेला,
साडेपाचातलं अर्धं छाटून पाच.

अर्धं!
बाबांना निमकी तोंडपाठ होती, औटकीसुद्धा.
पावशेर, अच्छेर, दीड, अडीच:
आमच्यात अर्ध्याला घरचं नाव असतं,
ते कुणी उरलेलं म्हणून झाडून टाकत नाही.
हे हाल्डोरला कसं लिहायचं?
लिहिलं ते एवढंच:
"तास नको, मिनिटं ठेव.
तुझ्याकडं ही चूक कधीच दिसणार नाही.
इथं रोज दिसते, बारा ते साडेपाच.
नेपाळात पावणेसहापर्यंत."

पावणेदहाला पाठवलं.
दहाला पंखा थांबला.
डब्यातली भेंडी आंबली होती.

पाठवलं तेव्हा तिकडं किती वाजले होते,
ते बोटांवर मोजलं, मशीनला न विचारता:
पहाटेचे सव्वाचार.
झोपला असेल.