पंचविसावं नाव

सकाळी साडेनऊला सही,
जेवणानंतर पुन्हा सही,
शिवाय भिंतीवरचा काळा-पांढरा चौकोन मोबाइलने टिपायचा.
तो टिपला नाही तर तुम्ही आलाच नाहीत,
समोर बसलेल्या असलात तरी.

नाशकात पाच दिवस. मुक्काम बहिणीकडे, मखमलाबाद नाक्याला.
सुलभक खैरनार मॅडम, आवाज मऊ, हातात रिमोट.
म्हणाल्या, यापुढे पहिली-दुसरी म्हणू नका,
पायाभूत स्तर म्हणा.
साठ जणांनी खाली मान घालून लिहून घेतलं.
कोणीतरी विचारलं, हे परीक्षेला आहे का?
हसलो सगळे. मग कळलं, आहे.

माझ्या पुढे थविल गुरुजी. एकतीस मेला रिटायर,
तरी सगळ्यांत नेटकी वही त्यांचीच, समास आखलेला.
मागच्या खेपेला फरशीवर सापशिडी रंगवा म्हणाले होते,
गुरुजींनी ऑइलपेंट स्वतःच्या खिशातून आणला.
आता फरशीचं कोणी काढत नाही.
"शेपूट तेवढं उरलंय," ते म्हणाले,
"पोरं अजून त्यावर पाय देत नाहीत."

गटकार्यात हिरव्या स्केचपेनवरून भांडण झालं.
मागच्या बाकावर पेपरमिंट फिरलं.
मी शेजारणीचं बघून
अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक लिहिला, तिचाही चुकला होता.
चार वाजता घंटेकडे कान, घंटाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी स्लाइड आली:
मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात जागा द्या.
खाली चित्र, तांबूस कणसं. नाचणी.

यमूने दुसरीत असताना
याच चित्रावर बोट ठेवलं होतं.
"बाई, ही तं नागली."
तिच्या पाड्यावर सगळेच नागली म्हणतात,
माझी सासूसुद्धा म्हणते, नाशकातल्या नाशकात.
मी लाल शाईने खोडलं.
वर लिहिलं, शुद्ध लिही.

मॅडमनी स्लाइड पुढे नेली.
मी दोन स्लाइडी मागे राहिले, त्या राहिलेच.

शेवटी दहा प्रश्न. मला सात.
एसटीत बसल्यावर वाटलं, घरी सांगावं की नको.
सावळघाटात रेंज गेली,
प्रमाणपत्र यायचं होतं, नुसता गोल फिरत राहिला
पेठ येईपर्यंत.

शनिवार, सकाळची शाळा.
दुसरे सर मतदारयाद्यांवर, पंधरवडा झाला.
मग पाच दिवस शाळा कोणी भरवली?
खिचडीवाल्या सोनीमावशी म्हणाल्या,
कुलूप मी काढलं. बाकी यमूला विचारा.

यमू आता चौथीत.
फळ्यावर तारीख बरोबर, वार बरोबर,
सुविचार जरा लांबलेला.
त्याखाली मोठ्या अक्षरांत: नागली.
आणि अगदी कडेला, खडू मोडून बारीक करून:
पुस्तकात नाचणी.

मी काही बोलले नाही. काय बोलणार?
पर्समध्ये पेपरमिंटचा कागद होता, तो चुरगाळत राहिले.

तिने परिसर अभ्यासाची वही आणली,
मागचं पान उघडलं. पट्टीने आखलेले चौकोन,
चोवीस नावं, पाड्यांप्रमाणे लावलेली,
कारण लांबच्या पाड्यावरची पोरं उशिरा येतात
आणि त्यांना गैरहजर मांडायची तिला घाई नव्हती.
(हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही.)

चोविसाच्या खाली पंचविसावं नाव: बाई.
पुढे सोमवार गै, मंगळवार गै,
बुधवार, गुरुवार, शुक्रवार, गै, गै, गै.

मी म्हणणार होते, अगं, मी हजर होते,
दिवसाला दोन सह्या आहेत माझ्या.
पण ती कानामागची पेन्सिल काढून
पहिल्या नावापासून सुरू झालीसुद्धा.
एकेक पोर उठत होतं, बसत होतं.
शेवटी, "बाई."

शनिवारचा चौकोन रिकामा.
मी उभी होते दारातच, चपला हातात.
तिने वर बघितलं.
"नाव घेतलं का बोलायचं असतं, बाई."