मुकटीचा थांबा

सुपडू हे नाव मायनं मुद्दाम ठेवलेलं.
आधीची दोन गेली, म्हणून ह्याला सुपात घालून
उकिरड्यापर्यंत नेऊन आणलं,
मरणाला वाटावं, टाकाऊच आहे.
वाटलं. बावन्न वर्षं वाटत राहिलं.

धुळे, फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल.
कंडक्टर माझा भाऊ, झोपेतही थांबे चुकायचा नाही.
एक दिवस मुकटी त्याच्या तोंडात आलंच नाही.
गाडी पुढे गेली, एक म्हातारी ओरडली.
घरी येऊन हसत सांगितलं त्यानं.

नाशिकच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली:
पांढरं काहीतरी, भिलाव्याएवढं.

मराठी आधी गेली. मग आकडे.
अहिराणी राहिली, तीही तुटक.
कळण्याची भाकरी दुधात चुरून भरवत होते,
तेव्हा मनगट धरून म्हणाला,
"कथा जानं शे तुले, बाई?"
मी म्हटलं, मुकटी.
तो पंच शोधू लागला
दवाखान्याच्या बिनखिशाच्या सदऱ्यात.

माय अजून त्याच सुपात दादर पाखडते.

परवा जळगावला निघाले, आणि मुकटीला उतरले.
ओळखीचं कुणी नाही तिथं.
चहा घेतला.
पुढच्या गाडीला पाऊण तास होता.